सेल्फ फक्त ‘टक्’ का करतो?

प्रश्न : आमच्या आजोबांची १९५२ ची फार्गो गाडी अजून आमच्याकडे आहे. तिच्या मूळ पेट्रोल इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला आणि सुटे भाग मिळेनात, म्हणून यंदा तिला टाटा ४०७ चे डिझेल इंजिन बसवले. इंजिन उत्तम चालते. पण सेल्फ मारला की बहुतेक वेळा फक्त ‘टक्’ आवाज येतो आणि दिवे मंद होतात. कधी लागोपाठ ‘टकटकटक’ वाजते. ट्रॅक्टरने ओढली की लगेच चालू होते. क्वचित सेल्फ लागलाच, तर पाय काढल्यावरही तो क्षणभर ‘किर्रर्र’ करत राहतो. पायाने मारायचा सेल्फ आजोबांची आठवण म्हणून ठेवायचा होता, त्यासाठी पेडलखाली जाड स्विच बसवला आहे. बॅटरी नवी घेतली, सेल्फ खोलून कार्बन बदलून आणले, तरी फरक नाही. आणखी एक गोष्ट : दोन-तीनदा सेल्फ मारला की इंजिन बंद करायची स्टॉप केबल हाताला गरम लागते. दोष कुठे शोधावा?
— एक वाचक, उमरगा

उत्तर : तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे आहे. स्टॉप केबल म्हणजे पंपाचा लिव्हर ओढणारी साधी तार. तिच्यातून वीज जाण्याचे काहीच कारण नाही. तरीही ती तापते, याचा अर्थ सेल्फचा करंट बॅटरीकडे परतताना तिच्यातून जातो आहे. त्याला परतीचा खरा रस्ता मिळालेला नाही. तुमच्या गाडीत दोन वेगवेगळे दोष दिसतात, पण पहिला आणि मोठा दोष हाच : इंजिनाला नीट अर्थ नाही.

बॅटरीच्या एका टोकातून निघालेला करंट दुसऱ्या टोकाला परत यावा लागतो. मोटारगाडीत जाण्यासाठी वायर असते आणि येण्यासाठी लोखंड : इंजिनाचा ब्लॉक, चेसिस, बॉडी. सेल्फची मोटार ब्लॉकला बोल्टने घट्ट असते, त्यामुळे तिचा अर्थ म्हणजे ब्लॉकच. पण ब्लॉक चेसिसला थेट टेकत नाही. तो रबराच्या माउंटिंगवर बसतो आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून ब्लॉक आणि चेसिस यांच्यामध्ये तांब्याची विणलेली अर्थ पट्टी लावतात. इंजिन उतरवताना ही पट्टी जुन्या ब्लॉकबरोबर निघून जाते. नवे इंजिन चढवताना डिझेलची पाइप, रेडिएटर, क्लच, गिअरबॉक्स यांत सगळ्यांचे लक्ष गुंतलेले असते. पट्टी लावायची राहते, किंवा रंगावर आणि गंजावर तशीच कसली जाते. मग करंट मिळेल त्या धातूतून वाट काढतो : स्टॉप केबल, ॲक्सिलेटरची केबल, स्पीडोमीटरची केबल. या वाटा दिव्याला पुरतात, सेल्फला पुरत नाहीत. दिवे लागतात, हॉर्न वाजतो आणि सेल्फ मात्र लागत नाही, त्याचे कारण हे.

यात धोकाही आहे. तापून तापून ही केबल तिच्या नळीत चिकटली, तर चालू डिझेल इंजिन बंद करता येणार नाही. म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

करंटचा हिशेब

जुन्या फार्गोतले पेट्रोल इंजिन सिलिंडरमधली हवा साधारण सातपट दाबायचे. डिझेल इंजिन सोळा ते अठरापट दाबते, कारण त्या दाबाच्या उष्णतेवरच डिझेल पेटते. असे इंजिन फिरवायला ताकदही तितकीच लागते. ३ किलोवॉटचा सेल्फ १२ व्होल्टवर कागदोपत्री २५० अँपिअर ओढतो. प्रत्यक्षात सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येते, त्यामुळे ३०० ते ४०० अँपिअर धरून चालावे. हेडलाइटचा एक ६० वॉटचा बल्ब घेतो ५ अँपिअर. दिवा लागला म्हणून वायर चांगली, असा निष्कर्ष काढायचा नाही, तो याच कारणाने.

आता एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडाचा रोध फक्त ०.०१ ओहम आहे असे समजा. साध्या मीटरला तो दिसतही नाही. ५ अँपिअर जाताना त्या जोडावर ०.०५ व्होल्ट पडतात. कोणाच्या लक्षातही येत नाहीत. ४०० अँपिअर जाताना त्याच जोडावर ४ व्होल्ट पडतात. बॅटरी आधीच १० वर आलेली असते, त्यातून ४ गेले की सेल्फला उरतात ६. तेवढ्यावर डिझेल इंजिन हलत नाही.

म्हणून दोष शोधायचा तो भार असताना, म्हणजे सेल्फ मारत असतानाच. ठिबकची नळी मध्येच चिमटलेली असली तरी पुढचा कॉक बंद असेपर्यंत प्रेशर पूर्ण दिसते. कॉक उघडला की खरे काय ते कळते. वायरीचेही तसेच आहे. आतून सडलेल्या, एकाच तारेवर लटकलेल्या वायरीच्या टोकालाही मीटर निवांतपणे १२ व्होल्ट दाखवतो. दोन-तीन ठिकाणी फिरून आलेल्या वाचकांना ‘सगळे बरोबर आहे’ असे उत्तर मिळते आणि गाडी मात्र चालू होत नाही, ते बहुधा भाराशिवाय तपासल्यामुळे.

पाच मिनिटांची परीक्षा

आधी गाडी सपाट जागेवर उभी करा, गिअर न्यूट्रलमध्ये घ्या, हँडब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा. तुळजापूरच्या घाटात किंवा येडशीच्या उतारावर गाडी लावून ती सोडून चालू करायची सवय अनेकांना असते. तपासणीच्या वेळी ती मोडा. स्टॉपचा नॉब ओढून ठेवा, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. पंख्याजवळ सदऱ्याची बाही, मफलर, उपरणे येऊ देऊ नका. सेल्फवरच्या सोलेनॉइडवर (विजेने ओढल्या जाणाऱ्या स्विचवर) पाना टेकवून सेल्फ फिरवून बघण्याची पद्धत सर्रास दिसते, ती टाळा. गाडी चुकून गिअरमध्ये राहिली असेल तर ती समोरच्या माणसावर जाते.

आता चांगली जाड जंपर केबल घ्या. तिचे एक टोक आधी इंजिनाच्या ब्लॉकवर, रंग खरवडलेल्या जागी, पक्के लावा आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. इंजिन जोमाने फिरले, तर दोष अर्थचाच होता हे सिद्ध झाले. मग एकही सुटा भाग विकत घेण्याआधी अर्थ दुरुस्त करा.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल थेट इंजिनावर, शक्यतो सेल्फजवळच्या बोल्टवर न्या. दुसरी पट्टी इंजिनापासून चेसिसला, तिसरी चेसिसपासून केबिनला. जिथे पट्टी बसते तिथला रंग पॉलिश पेपरने पूर्ण काढा, चकचकीत धातूवर थिंबल ठेवा, दातेरी वॉशर घालून कसा आणि वरून ग्रीस लावा. जुनी गाडी नव्याने रंगवली असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे. नव्या रंगाचा सुंदर थर विजेला अडवतो.

मीटरने चार मोजमापे

जंपरने फरक पडला नाही, किंवा अर्धवटच पडला, तर मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि प्रत्येक मोजमाप सेल्फ मारत असताना घ्या. एका वेळी पाच सेकंदांहून जास्त मारू नका. मध्ये सेल्फला थंड होऊ द्या.

पहिले : बॅटरीच्या दोन शिशाच्या टोकांवर. क्लॅम्पवर नव्हे, टोकांवरच. विसावलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास असते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये. ती ६-७ वर कोसळत असेल तर बॅटरी कमजोर आहे, सेल्फ आतून शॉर्ट आहे किंवा इंजिन जड फिरते आहे. ‘टक्’ होऊनही ती १२ वरच राहत असेल तर जोराचा करंट वाहतच नाही. वाट मध्येच कुठेतरी अडली आहे.

दुसरे : मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरे सेल्फवरच्या जाड स्टडवर. त्या स्टडला ३० क्रमांक असतो. येथे अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसले तर पॉझिटिव्ह केबल, तिचे थिंबल किंवा मधला स्विच व्होल्टेज खातो आहे.

तिसरे : एक टोक सेल्फच्या लोखंडी बॉडीवर, दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर. येथेही अर्ध्या व्होल्टच्या आत हवे; ०.२ किंवा ०.३ असेल तर उत्तम. तुमच्या गाडीत आज हा आकडा मोठा येईल, हे स्टॉप केबलने आधीच सांगितले आहे.

चौथे : सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर, म्हणजे ५० क्रमांकावर आणि सेल्फच्या बॉडीवर. बॅटरीच्या टोकांवर त्या वेळी जितके व्होल्ट असतील, त्याहून येथे एखाद-दीड व्होल्टच कमी असावेत.

या चार आकड्यांत बहुतेक सगळे दोष सापडतात. आकडे कागदावर लिहून वायरमनकडे घेऊन जा. अनुभवी वायरमन ते पाहताच कुठे हात घालायचा ते ओळखेल.

‘टकटकटक’ आणि ‘किर्रर्र’

सोलेनॉइडच्या आत दोन कॉइल असतात. एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. सेल्फ मारला की दोन्ही मिळून आतला दांडा ओढतात. दांडा एकाच वेळी दोन कामे करतो : सेल्फची गरारी फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये घालतो आणि मोठ्या करंटचे कॉन्टॅक्ट जोडतो. कॉन्टॅक्ट जोडले की ओढणारी कॉइल आपोआप निष्क्रिय होते आणि धरणारी एकटी उरते. त्याच क्षणी मोटार ३००-४०० अँपिअर मागते. बॅटरी, केबल किंवा अर्थ कमजोर असेल तर व्होल्टेज कोसळते, धरणाऱ्या कॉइलची ताकद जाते, दांडा सुटतो. दांडा सुटला की भार जातो, व्होल्टेज परत वर येते, दांडा पुन्हा ओढला जातो. ‘टकटकटक’ म्हणजे हेच चक्र. सोलेनॉइड खराब आहे असे समजून लोक तो बदलतात. खरे तर पहिल्या तीन मोजमापांत दोष असण्याची शक्यता जास्त.

पाय काढल्यावरही राहणारा ‘किर्रर्र’ हा तुमचा दुसरा दोष. तुमच्या फार्गोसारख्या त्या काळच्या अनेक अमेरिकन ट्रकांत पेडल दाबले की दांड्याने गरारी रिंगमध्ये जायची आणि पेडलच्याच जोराने कॉन्टॅक्ट जुळायचा. तिथे सोलेनॉइड नव्हता. ४०७ च्या सेल्फवर सोलेनॉइड बसवलेला असतो. अशा सेल्फला जुन्या पद्धतीचा पायाचा स्विच जोडताना सोपा मार्ग म्हणून बॅटरीची जाड केबल स्विचमधून ३० वर आणतात आणि ३० पासून ५० पर्यंत छोटी वायर टाकून देतात. सेल्फ फिरतो. पण पाय काढल्यावर वेगात असलेली मोटार क्षणभर जनित्रासारखी वीज निर्माण करते. ती वीज आतल्या कॉन्टॅक्टमधून ३० वर, तिथून त्या छोट्या वायरीने ५० वर येते आणि सोलेनॉइडला धरून ठेवते. गरारी रिंगमध्ये अडकून राहते. असे होत राहिले तर सेल्फचा एकमार्गी क्लच आणि रिंगचे दाते झिजतात.

उपाय सोपा आहे आणि आजोबांचे पेडलही राहते. बॅटरीची जाड केबल कुठेही न थांबता थेट ३० वर न्या. ३० आणि ५० मधली छोटी वायर काढून टाका. पायाच्या स्विचमधून फक्त ५० ची वायर न्या, निदान ४ ते ६ चौरस मिलिमीटर जाडीची, आणि तिला बॅटरीजवळ फ्यूज द्या. सोलेनॉइड ओढतानाही क्षणभर बऱ्यापैकी करंट घेतो. पण जो स्विच शेकडो अँपिअरसाठी बनला आहे, त्याला हे काम हलके आहे. पुढे कधी चावीवर किंवा छोट्या बटणावर सेल्फ घ्यायचा ठरला, तर मध्ये रिले घाला : रिलेच्या ३० ला बॅटरी, ८७ पासून सोलेनॉइडचे ५०, ८६ ला बटण, ८५ ला अर्थ. नाहीतर बटण थोड्याच दिवसांत जळेल.

केबलची जाडीही बघून घ्या. ३ मीटर लांबीच्या १६ चौरस मिलिमीटर तांब्याच्या केबलवर ४०० अँपिअरला सुमारे १.३ व्होल्ट पडतात. ७० चौरस मिलिमीटरच्या केबलवर फक्त ०.३. डिझेलसाठी ५० ते ७० ची तांब्याची केबल घ्या. थिंबल हातोड्याने ठोकून बसवू नका. प्रेसच्या यंत्राने दाबून घ्या. गाळपाच्या हंगामात पहाटेच्या थंडीत ऑइल दाट होते, बॅटरीही मंदावते, आणि उन्हाळ्यात निभावून गेलेली अपुरी केबल तेव्हा उघडी पडते.

हे सगळे केल्यावरही सेल्फ नुसता गरगर फिरून इंजिन फिरत नसेल, तर प्रश्न विजेचा नाही. जुन्या बेल हाउसिंगला नवे इंजिन जोडताना मध्ये घातलेल्या प्लेटची जाडी आणि गरारीचे रिंगपासूनचे अंतर तपासून घ्या.

प्रश्न : जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो असे ऐकले. आमच्या मेस्त्रींनी एकदा बॅटरी उलटी लावली, तरी सेल्फ सरळच फिरला. हे कसे?
— एक वाचक, कळंब

उत्तर : फार्गो आणि डॉज हे अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीचे ट्रक. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची वायरिंग ६ व्होल्टची असे आणि बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक चेसिसला असे. आपल्याकडे ते आणले प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने. ही कंपनी १९४४ मध्ये वालचंद हिराचंद यांनी स्थापन केली आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. वालचंद यांचा जन्म १८८२ चा, शेजारच्या सोलापूरचा. पुढे पेट्रोल महाग पडू लागले तेव्हा पर्किन्ससारखी डिझेल इंजिने अशा ट्रकांत बसली. जुन्या ट्रकात दुसरे इंजिन बसवणे ही आपल्या रस्त्यांवरची खूप जुनी विद्या आहे. तिचा अर्धा भाग लोखंडाचा, अर्धा विजेचा.

सेल्फ सरळ फिरला त्याचे कारण मोटारीच्या रचनेत आहे. फील्ड कॉइल असलेल्या सेल्फमध्ये बॅटरी उलटली की फील्डचे चुंबकत्व उलटते आणि आर्मेचरमधला करंटही उलटतो. दोन्ही उलटले की फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणून ‘सेल्फ नीट फिरतो, म्हणजे बॅटरी बरोबर लागली’ हे समजणे धोक्याचे. ज्या सेल्फमध्ये कायमचे चुंबक असतात, तो मात्र उलटा फिरेल.

खरे नुकसान अल्टरनेटरचे होते. जुना डायनामो दोन्ही पद्धतींत चालू शकत असे, कट-आउटने त्याचे काम भागे. अल्टरनेटरमध्ये डायोड असतात. बॅटरी उलटी लागताच त्यांच्यातून प्रचंड करंट जातो आणि ते क्षणात जळतात. तेव्हा नवे इंजिन अल्टरनेटरसह आले असेल, तर गाडीत निगेटिव्ह अर्थच ठेवा, जुना कट-आउट काढून टाका आणि ६ व्होल्टचे बल्ब, हॉर्न, गेज बदला. जुन्या ॲम्पिअर मीटरमधून अल्टरनेटरचा सगळा करंट नेऊ नका. तो मीटर डॅशबोर्डवर शोभेला ठेवा आणि त्याच्या शेजारी व्होल्टमीटर बसवा. चालू इंजिनावर तो १३.८ ते १४.४ दाखवत असेल तर चार्जिंग ठीक आहे.

प्रश्न : इंजिन बदललेल्या जुन्या ट्रकची ‘विंटेज’ म्हणून नोंद होते का?
— एक वाचक, परंडा

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त काळ झालेला असावा लागतो. त्याचबरोबर ती मूळ स्वरूपात असावी, तिच्यात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. दुसरे इंजिन बसवलेली गाडी या अटीत बसत नाही. विंटेज नोंद झालेल्या गाडीवर व्यावसायिक वाहतूकही करता येत नाही.

पण इंजिन बदलले की कागदपत्रांचे काम उरतेच. इंजिन क्रमांक आरसीवर छापलेला असतो आणि इंजिन बदलणे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ खाली येते. इंधनही पेट्रोलचे डिझेल झाले असेल तर बाब आणखी गंभीर. एम एच २५ च्या आरटीओ कार्यालयात जाऊन, इंजिनाच्या खरेदीची पावती आणि जुन्या मालकाचे कागद घेऊन, आधी लेखी परवानगी मागा. अपघात झाला आणि आरसीवरचा क्रमांक इंजिनावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर विम्याचा दावा अडकतो.

तिन्ही वाचकांना एक विनंती. काम पूर्ण झाले की कागदावर नवीन वायरिंगचा नकाशा काढा : कोणती वायर कोणत्या रंगाची, कुठून कुठे जाते, फ्यूज कुठे आहे, अर्थ किती ठिकाणी आहे, किती चौरस मिलिमीटरची केबल वापरली. त्यावर ती चार मोजमापेही लिहा. एक प्रत प्लास्टिकमध्ये घालून केबिनमध्ये ठेवा, एक घरी. ४०७ चे इंजिन असलेल्या फार्गोचा नकाशा कोणत्याही कंपनीने छापलेला नाही, छापणारही नाही. तो तुमच्याच हातून तयार झाला पाहिजे, म्हणजे पुढच्या वेळी हायवेवर गाडी थांबली तर अनोळखी वायरमनलाही ती अर्ध्या तासात चालू करता येईल.